गोफणीतला कच्चा गोळा

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, आणि वाटावी असा आग्रहही नाही. वरवट बकालच्या शिवारात ती ऐकून लोक हसले, कप उपडे ठेवून उठून गेले. तुम्हीही जाल. तोवर बसा या विटांवर, चहा होतोच आहे. या वीटभट्टीचा मालक शकूर, त्याची बायको अमीना भट्टीवर फक्कड चहा करते आणि कोणाच्या गोष्टीत मधे तोंड घालत नाही, हे तिचे दोन मोठे गुण.

तर राजकुमार. नाव राजपुत्राचं आणि धंदा माणसं मारायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यानं एका शेठसाठी हेच काम केलं, आणि तेही गोफणीनं. बंदूक बोंबलते, सुरा कपडे खराब करतो. गोफणीतला दगड कानाच्या जरा वर बसला की माणूस गपगार आडवा होतो आणि लोक म्हणतात, ऊन लागलं वाटतं. एकदा म्हणे त्यानं धावत्या जीपमधला माणूस असा टिपला, की शेजारच्याच्या तळहातावरची तंबाखूसुद्धा सांडली नाही.

मग त्याची झोप उडाली. काम सोडून तो शेगावला गेला, रांगेत उभा राहिला. यापुढे आपल्या हातचा दगड कोणा जिवाला लागणार नाही, असं महाराजांसमोर बोलला. मन लावून बोलला. पण डोळे मिटले तरी पुढच्या प्रत्येक डोक्याचं अंतर त्याला आपोआप कळत होतं, आणि खांदा आतल्या आत फिरत होता. बाहेर येऊन त्यानं स्वतःशी कबूल केलं, की हात काही देवाचंही ऐकायचा नाही.

पुढे तो शकूरला म्हणाला होता, "हाताले बांधून ठेवता येत नाही, भाऊ. त्याले दुसरं काम द्या लागते."

ते काम त्यानं इथे शोधलं. भट्टीला लागूनचा तुकडा बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं केला आणि ज्वारी पेरली. सारं शिवार सोयाबीन आणि कपाशीचं, त्यात एकट्यानं ज्वारी पेरली की तालुक्यातली झाडून सगळी पाखरं जेवायला येतात. त्याला तेच हवं होतं. आणि आणखी एक. पूर्णा नदीनं या भागात नुसता गाळ आणून टाकलाय. विहीर खणा, खारं पाणी लागेल, पण दगड लागायचा नाही. गोफणवाल्याला परत बिघडायला इथे जागाच नव्हती.

काळ्या मातीचे गोळे तो सावलीत वाळवायचा. सकाळी शेतातल्या माळ्यावर, लाकडी मचाणावर चढायचा, गोफण गरगरवायचा. दोरीचा फटका कडाडायचा, गोळ्याची हवेतच धूळ व्हायची, पाखरं भुर्रकन उठायची आणि परत येऊन बसायची. निम्मी ज्वारी त्यांनीच खाल्ली. राजकुमारला झोप लागायला लागली. हाताला आपला धंदा मिळाला होता आणि धंद्यात कोणी मरत नव्हतं.

पुढे अवकाळी पावसानं गोळ्यांचा पार चिखल केला. शकूर म्हणाला, दे इकडं, नवे कर अन् भट्टीत टाकू, पुन्हा भिजायचे नाहीत. राजकुमार एकदम कडक झाला. "नाही. माहे गोळे कच्चेच राहू दे."

शेखर आला तो त्याच आठवड्यात. शेठचा नवा माणूस, गोड बोलणारा. शेठला रस्त्याकडेची भट्टीची जागा हवी होती आणि शकूर ती देत नव्हता. माळ्याखाली उभं राहून शेखरनं विचारलं, की काका, एवढं एक शेवटचं करता का? राजकुमार नाही म्हणाला. शेखरला राग आला नाही.

"मंग मी करतो," तो म्हणाला. "तुमी आरामात पाखरं हाकला."

राजकुमारनं धावत जाऊन शकूरला सांगितलं, चार दिवस कुठंतरी निघून जा. पण भट्टी पेटली होती. पेटलेली भट्टी सोडून गेलं की आग एका अंगाला पळते आणि सगळा माल कच्चा राहतो. शकूर म्हणाला, मरायचं तर विटा पिकवून मरू.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. शकूर वाकून भट्टीच्या तोंडात लाकडं सारत होता. मागच्या विटांच्या थप्पीआडून शेखर निघाला, हातात गावठी कट्टा. वारा उलटा होता, ओरडून उपयोग नव्हता. राजकुमारच्या मनात एवढंच आलं, की गोळा त्याच्या कानाजवळ फुटला तर तो दचकेल आणि शकूर मागं वळेल. नजर शेखरवर, हात टोपलीत. गोफण फिरली.

गोळा फुटला नाही. तो गुणगुणत गेला, आणि त्या आवाजावरूनच राजकुमारला काय ते कळलं. कानाच्या जरा वर. शेखर थप्पीला टेकत टेकत खाली बसला, जसा काही दमला होता.

मेला नाही, घाबरू नका. दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा आपण कोण, कशाला आलो, यातलं त्याला काही आठवेना. आज तो शेगाव स्टेशनबाहेर कचोरी विकतो आणि प्रत्येकाला म्हणतो, गरम आहे, जपून खा. शेठनं नंतर माणूस पाठवला नाही. कचोरी तळायची हौस कोणाला असते?

राजकुमारनं खाली उतरून गोळा शोधला. अख्खा होता, भाजलेला. शकूर खाली मान घालून म्हणाला, की आमच्या घरच्यांनी तुझ्या भल्यासाठी गोळे गुपचूप भाजून माळ्यावर ठेवले. राजकुमारनं तो गोळा तळहातावर फिरवून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी मातीच फेकली होती."

त्या एका वाक्यावर तो आजही झोपतो. शेगावला शब्द दिला होता तो दगडाचा, आणि त्याच्या हातानं तर माती उचलली. मातीचा दगड केला तो भट्टीनं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

अमीनानं चहाची गाळणी खाली ठेवली.

"झूट हाये हे, भाऊ," ती म्हणाली. "मी भाजले होते ते गोळे. माळ्यावर दोन टोपल्या ठेवल्या होत्या मी, एकीत काळे अन् एकीत लाल. ऊन पडलं होतं त्याच्यावर. त्यानं पाहून उचलला. पाहून उचलला, म्हणून माह्या पोराले, अनसले, आज बाप हाये."