सेसाच्या नावाची हाक

लायुकच्या आईच्या अंत्यविधीला तोराजा लोकांचं अख्खं खोरं लोटलं होतं. रेडे कापून झाले होते. आता पासांग आजोबा मचाणावर चढून एकेकाच्या नावाने हाक देणार आणि त्याचा मांसाचा वाटा खाली टाकणार. आधी मोठी घराणी, मग लहान. ज्यांचे पणजोबा कधीकाळी दास होते, त्यांना हाक नसे. शेवटी उरलेलं त्यांनी मचाणाखालून मुकाट्याने उचलायचं.

अशाच एका घरातली रांते वडिलांपाशी, सेसापाशी, मचाणाच्या मागे पायथ्याला बसली होती. सेसा सत्तरी ओलांडलेला, छातीने अधू. "एकदा कोणी नाव घेतलं असतं," असं तो परवा बोलून गेला होता, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. चर्चमध्ये सगळे एका बाकावर बसतात, मग इथेच काय होतं यांना? गेल्या रविवारी तिथल्या प्रवचनात पासांग आजोबांनीच तर सांगितलं होतं, देव तोंड पाहून ताट वाढत नाही. बोलायला काय जातं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आजोबांनी रेड्याच्या मांडीचा पहिला, सगळ्यात मानाचा तुकडा उचलला.

"सेसा!"

लायुक खांबांवरच्या कोठाराखालून, मानकऱ्यांच्या जागेवरून उठून मचाणासमोर येऊन उभा राहिला.

"आजोबा, ताडी चढली का? तो तुकडा आमच्या काकांचा आहे."

"थेंब घेतलेला नाही, बाबा. रविवारी मी एक बोलणार आणि इथे दुसरंच करणार, हे या वयात झेपत नाही मला."

"मग उद्यापासून मचाणावर दुसरा माणूस चढेल."

"चढू दे. आज मी आहे."

तीस वर्षांचा मान होता तो, आणि म्हाताऱ्याने तो असा सहज सोडून दिला. रांतेला स्वतःच्या संशयाची लाज वाटली.

सेसा मात्र जागचा हलला नाही. "दुसरा कोणी सेसा असेल गं," तो पुटपुटला.

"बाबा, तुम्हालाच बोलावताहेत."

"सेसा, ये की लवकर," वरून आवाज आला. "हात भरून आला माझा. तू येईपर्यंत पुढचं नाव घेणार नाही."

भुकेलं अंगण थांबून राहिलं. सेसा लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. रांतेला रडू आवरेना. दहा पावलं चालून तो लायुकच्या पुढ्यात थांबला. लायुकने वर आजोबांकडे पाहिलं, मग सेसाकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली.