अप्पांना न उघडणारं कुलूप

तिजोरीत होतं ते असं: घराच्या कागदांची फाइल, एक. आईच्या पाटल्या, दोन. मॉर्फिनच्या गोळ्या, पंचवीस. एक गोळी लगेच अप्पांना दिली. उरलेल्या चोवीस पुन्हा मोजून मी खिशात ठेवल्या. दर चार तासांनी एक, म्हणजे चार दिवसांच्या. पुढच्या आणायला उद्या सकाळी मला गोव्याच्या हॉस्पिटलात जायचं होतं. परत यायला परवाची संध्याकाळ. तोवर घरात आई आणि अप्पा, दोघंच.

अप्पांचा कॅन्सर मणक्यात उतरला आहे. पंधरा दिवसांपूर्वी ते कॉटवरून सरपटत तिजोरीपर्यंत गेले, ती उघडली आणि मूठभर गोळ्या तोंडाशी नेल्या. आई विहिरीवरून वेळेत आली. नंबर त्यांना कोणी सांगितला नव्हता. आई बटणं दाबताना आकडे पुटपुटते, तेवढं त्यांना पुरलं होतं.

आम्ही नंबर बदलला. मग खाऱ्या हवेने बटणं घट्ट झाली, तेव्हा आईने त्यांवर खोबरेल तेल चोळलं, विळीला आणि कोयंड्याला चोळते तसंच. तेल आत उतरलं आणि आज सहाच्या गोळीला तिजोरी उघडेना. कुडाळहून बाबली कुलूपवाला येऊन ड्रिल मारेपर्यंत साडेदहा झाले. अप्पांनी उशीचं टोक दातांत धरलं होतं.

"वयनी, ह्या कुलूप आसा, घावन्याचो तवो न्हय," बाबली आईला म्हणाला. कोणी हसलं नाही.

मग कुडाळला जाऊन तो एक वाजता तीन कुलपं घेऊन आला: किल्लीचं, बटणांचं आणि बोटाच्या ठशाचं. तिजोरीच्या दाराच्या भोकांमधलं अंतर मी मोजलं, एक्केचाळीस मिलिमीटर. तिन्ही बसत होती. बटणांचा प्रश्नच नव्हता. किल्ली लपवायला जागा नाही, कारण हे घर अप्पांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं आहे. गळ्यात बांधावी, तर त्यांची कूस बदलायला आई त्यांच्यावर वाकते तेव्हा ती त्यांच्या हाताशी येणार. राहिलं ठशाचं. त्याची अडीअडचणीची किल्ली मी गोव्याला घेऊन जाणार होते.

कॉटवरून अप्पा सगळं ऐकत होते. बाबली स्क्रू आणायला बाहेर गेला तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सगळ्यो एकदम दी गो, गौरजा. मी कोणाक सांगूक येवचंय नाय."

मी दोन्ही हात खिशावर ठेवून उभी राहिले. पुढची अडीच वाजता, मी म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

कुलूप बसलं. आईने उजवा अंगठा टेकवला, लाल दिवा. पुन्हा टेकवला, लाल. अंगठ्याची नोंदच होईना.

"रेशनच्या दुकानातय माजो आंगठो उठना नाय," आई म्हणाली, जणू तिचाच गुन्हा असावा.

बत्तीस वर्षं तिने काजू सोलले. चिकाने बोटांची कातडी जळून गुळगुळीत झाली आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही ठशाचं कुलूप मीच निवडलं होतं. बाबली म्हणाला की किल्लीचं बसवतो, त्याला तीनला सावंतवाडीत पोचायचं आहे. मी त्याच्याकडे अर्धा तास मागून घेतला.

आईचे हात साबणाने धुतले, पुसले, पंख्याखाली वाळवले. मग वहीत रकाने आखले: प्रत्येक बोटाची नोंद होते का ते पाहायचं, झाली तर दहा वेळा टेकवायचं. उजव्या हाताच्या एकाही बोटाची नोंद झाली नाही. डावा अंगठा नाही. डावी तर्जनी दहापैकी एक. मधलं बोट नाही. आईचं मनगट धरून पुढचं बोट मी टेकवलं. अनामिका दहापैकी तीन. अडीचला सात मिनिटं कमी होती आणि अप्पा कण्हायला लागले होते.

डाव्या हाताची करंगळी: दहापैकी नऊ.