जीभ न लावता

माझी सून भर साडेबाराला, खानावळीत पहिली पंगत बसायच्या टायमाला, मटणाच्या पातेल्याशेजारी स्टूल टाकून गाजर खात बसते. लपूनछपून नाही, सगळ्या गिऱ्हाईकांसमोर. कराकरा. एका गाजराला दहा मिनिटं लागतात, कारण म्हणे एकेक घास बत्तीस वेळा चावायचा असतो. मी मोजलेत. कधी कधी चाळिसावर जाते. गाजरामागनं काकडी, काकडीमागनं मोड आलेली मटकी, मग भिजवलेले शेंगदाणे. बाकावर माणसं ताटाची वाट बघतायत आणि आमची आचारीण आपली रवंथ करतेय.

लोक काय गप बसतात? शिवाजी पेठेतली माणसं ती. एकजण सरळ म्हणाला, "काय वहिनी, आमास्नी रस्सा आन् सोताला पालापाचोळा? काय घातलंय काय त्यात?"

ती हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खानावळ माझ्या सासूनं काढली, चाळीस वर्षं मी चालवली. जी बाई रांधते तीच त्या पातेल्यातलं जेवते, हीच आमची पाटी. दुसरी पाटी कधी लावली नाही.

सुनेचं नाव स्नेहल. माहेर राधानगरीकडचं, शिकलेली, बी. कॉम. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण हिला वाटण घालायला मीच शिकवलं, आणि बारा वर्षांत तिच्या हाताला अशी चव आली की मी गुडघे धरून बाहेर खुर्चीवर बसायला मोकळी झाले. पोरगा उदयसिंह गल्ल्यावर आणि वाढपाला. सगळं बरं चाललेलं. मग वैशाखात हिनं कुठल्यातरी मोबाईलमधल्या शिबिरात नाव घातलं. कच्चा आहार. नव्वद दिवस विस्तवावर चढलेलं काही तोंडात घालायचं नाही. भाकरी नाही, भात नाही, चहासुद्धा नाही.

"चा पण न्हाय?" मी विचारलं.

"न्हाय, आत्ती."

"मग उठतीस कशी सकाळी?"

तर उठते. पाचला उठते, मटकी धुते, काकड्या चिरून डबा भरते आणि सहाला खानावळीत येऊन कांदाखोबरं भाजायला लागते. त्या खमंग वासात उभी राहून पाणी पिते. मी म्हटलं, आठ दिवस. पंधरा दिवस झाले, महिना झाला. चोळ्या सैल झाल्या, पण हिचं तोंड काही फिरलं नाही.

ती हे का करते ते मला माहीत आहे, आणि माहीत असून मी बोलते, ही माझी खोड. तिची आई, आमची विहीणबाई विठाबाई, साखरेनं बेजार. गेल्या दिवाळीत तिच्या पायाची दोन बोटं काढली. स्नेहल दवाखान्यात पंधरा दिवस आईच्या पायाशी बसून होती. परत आली ती आपलं रक्त तपासून. छत्तीस वर्षांची पोर, आणि साखर काठावर. डॉक्टरनी सांगितलं, वजन उतरवा, फिरा. कच्चं खा असं काही ते म्हणाले नव्हते. ते हिनं आपलं आपण ठरवलं.

खाणं तिचं तिनं बघावं. पण चव?

चव बघायलाही ती रस्सा जिभेला लावेना. उदय म्हणाला, "चाटायचं आन् थुकून टाकायचं की." तर त्याला म्हणाली, "तुमास्नी मी म्हाईत न्हाय व्हय? एकदा जिभंला लागला की वाटीभर पिणार मी. वाटीवर भाकरी येणार. मग नव्वद दिवस गेलं चुलीत."

खरं बोलली. खाण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. म्हणून दोन महिने नुसत्या सवयीच्या मापानं रांधत होती, आणि निभत होतं. शुक्रवारपर्यंत.

आता शुक्रवारचं सांगते. आमच्याकडं मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं की जे पाणी उरतं त्याला अळणी म्हणतात. नाव अळणी, पण मीठ असतं त्यात. आजाऱ्याला, बाळंतिणीला तेच देतात, आणि पांढरा रस्सा त्यावरच होतो. तर शुक्रवारी शेजारचा एकजण तापानं पडलेला, त्याच्या बायकोनं डबा पाठवला. मी बाहेर खुर्चीवरनं हाक मारली, "स्नेहल, अगं अळणी हाय काय?"

म्हणजे, उरली आहे काय.

आत हिच्यासमोर पांढऱ्या रश्श्याचं पातेलं. हिला वाटलं, सासूनं वाटी चाखली आणि मीठ नाही म्हणून ओरडतेय. जीभ लावायची सोय नाही. बारा वर्षं स्वतःच्या जिभेवर चालत आलेली बाई त्या दिवशी माझ्या शब्दावर चालली, आणि मूठभर मीठ आणखी टाकलं.

पहिल्या पंगतीला आकाराम वस्ताद होते. तालमीतले जुने पैलवान, आमच्याकडं तीस वर्षं जेवतात, पांढऱ्याच्या सहा वाट्या त्यांच्या ठरलेल्या. पहिली वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. मिशी पुसली. मग मला हाक मारली.

"आक्का, तुमची अळणी खारट झाली की वो!"

सगळी पंगत हसली. उदय हसला. मी हसले नाही. चाळीस वर्षांत माझ्या खानावळीत वाटी अर्धी राहिली नव्हती.

पंगती उठल्यावर मी आत गेले. "मंगळवारी गल्लीची जत्रा हाय," म्हटलं. "अडीचशे पान. बावड्याच्या कृष्णात आचाऱ्याला बोलवतो. आन् जत्रा झाली तरी तोच ऱ्हाईल. तू गल्ल्यावर बस."

स्नेहल भांडी विसळत होती, तिचे हात थांबले. "आत्ती, मला चुलीवरनं उठवू नगासा."

"मग जीभ लाव."

"एकसष्ट दिवस झाल्यात. एकोणतीस ऱ्हायल्यात."

"तवर माझं गिऱ्हाईक खारट पिणार व्हय? मी चाखायला किती दिस येऊ? चार पायऱ्या उतरायच्या तर देव आठवतोय मला. चूल एका बाईच्या हातात असावी लागती, स्नेहल. तिची तिला कळावी लागती."

"माझ्या हातात दुसरं काय हाय, आत्ती?" ती एवढंच म्हणाली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडी पुन्हा विसळायला लागली, आणि मी वर येऊन कृष्णाताला फोन लावायला सांगितला. जेवण गेलं नाही मला. उदयनं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

मंगळवारी सकाळी सातला कृष्णात आला. दंडाएवढा झारा घेऊन, गळ्यात टॉवेल, लग्नातला नावाजलेला माणूस. हात चालतो हे मान्य करावं लागेल. नऊला मटण शिजून अळणी निघाली, दहाला पांढऱ्याला उकळी. मी खुर्ची आत घेऊन बसलेली. स्नेहल कोपऱ्यात मान खाली घालून कोथिंबीर निवडत होती. गल्ल्यावर बस म्हटलं होतं तरी गेली नव्हती, आणि मीही हाकललं नव्हतं.

कृष्णातानं डाव बुडवला, तळहातावर रस्सा घेतला, सुर्रकन ओढला, तळहात चाटला. आणि तोच डाव, तोच हात, परत पातेल्यात.

"आरं ए!" मी खुर्चीवरनं अशी उठले की गुडघ्यांचं भान राहिलं नाही. "काय केलंस ह्ये?"

"मीठ बघिटलं, आक्का. बराब्बर हाय."

"मुडद्या, मरगाईला निवद जायचाय अजून! देवीच्या आधी तू जेवलास व्हय?"

तो कावराबावरा झाला. "लग्नात आमी असंच करतो..."

"ह्ये लगीन न्हवं! जत्रा हाय!"

अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आषाढातल्या जत्रेचं रांधताना निवद दाखवेपर्यंत कुणी बोटसुद्धा चाटत नाही. तो उष्टा रस्सा, मटणासकट, बाजूला काढून खानावळीच्या दुपारच्या गिऱ्हाईकाला ठेवला. कृष्णाताला भाड्याला आणि चहाला देऊन वाटेला लावलं. मटण दुसरं आणायला उदय धावला. दहा वाजून गेलेले, निवद एकला, अडीचशे पान दीडला.

आणि मी त्या रिकाम्या पातेल्यासमोर उभी. आता जीभ न लावता रांधणारं माणूस आणू कुठनं?

माझं मलाच कसंतरी झालं. गेल्या सालापर्यंत, गुडघे उभं राहू देत होते तोवर, चाळीस आषाढ हे मी स्वतः केलंय. एक थेंब न चाखता, अडीचशे माणसांचं. दरवर्षी बायका विचारायच्या, "आक्का, कसं वो जमतंय तुमास्नी?" आणि मी पदर सावरून गप बसायची. कुणाला सांगितलं नाही. सुनेलाही नाही. जत्रेच्या दिवशी तिला कांदे सोलायला बसवायचे आणि पातेल्याजवळ मी एकटी. ही एकच विद्या माझ्याकडं होती, ती मी दाबून ठेवली. आणि दोन महिने त्याच पोरीला बोलत होते, जीभ लाव, जीभ लाव.

"स्नेहल," म्हटलं. "कोथमीर ठेव. हात धू. इकडं ये."

ती आली. मी तिचा हात धरून मिठाच्या डब्यात घातला. "मूठ भर. आवळू नगो. माझी मूठ ल्हान हाय, तुझी मोठी, म्हणून तुला माझं माप बसत न्हाय. तुझ्या तीन मुठी म्हंजे माझ्या चार."

दुसरं मटण शिजलं. झाकण काढलं. "वाक. डोळं मीट. वाफ घे. काय येतंय?"

"मटण."

"कसलं मटण?"

ती आणखी खाली वाकली. "गोडसर. कच्च्यागत. ओल्या लोकरीसारखं."

"मीठ कमी हाय. आर्धी मूठ टाक. ढवळ. शंभरपतोर मोज. आता?"

तिनं पुन्हा तोंड वाफेत घातलं. कपाळावरनं घाम गळत होता. आणि एकदम म्हणाली, "लोकर गेली, आत्ती. आल्याचा वास म्होरं आला."

"बसलं मीठ."

मला हे कळायला पहिल्या खेपेला तीन वर्षं लागली होती. सासूनं हातावर डाव मारून शिकवलेलं. हिला एका वाफेत कळलं. मला बरं वाटलं आणि थोडं झोंबलंही, खोटं कशाला सांगू?

मग खोबऱ्याचं दूध घालायची वेळ आली. मी भांडं उचललं तर तिनं माझा हात धरला. सासूचा हात धरला!

"ह्ये नगो. ह्यातला एक नारळ खवट हाय."

"कायतरी बोलू नगो. मी सोता फोडल्यात."

"हाय, आत्ती. मला हितनं येतोय वास."

मी नाक लावलं. काही नाही. उदयला लावायला सांगितलं. काही नाही. ती कीस काढलेल्या करवंट्या एकेक करून हुंगत गेली आणि सातवी माझ्यासमोर धरली. आत कडेला नखाएवढा पिवळा डाग. चाखून बघायचीही सोय नव्हती. पातेल्यात गेलं असतं तर अडीचशे माणसांच्या घशाला तेलकट लागलं असतं, आणि जत्रेत बोलणी मला बसली असती.

"तुला कळलं कसं?"

"दोन म्हैनं झालं, आत्ती, तिखट न्हाय, तेल न्हाय, चा न्हाय. सगळ्याचा वास येतोय मला. ह्यांनी कुठं तंबाखू खाल्ली त्यो पण येतोय."

उदय लगेच पत्रावळ्या मोजायला बाहेर गेला.

नवे नारळ फोडले. एकला निवद गेला. मरगाईसमोर नारळ फुटला, हलगी वाजली, आणि पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत आकाराम वस्ताद. मी मुद्दाम समोर खुर्ची टाकली. पहिली वाटी त्यांनी सावकाश उचलली, शुक्रवारची आठवण असणार. प्यायले. वर न बघता वाटी पुढं केली. उदयनं भरली. पुन्हा पुढं केली. सातव्या वाटीला मी उठले आणि आत गेले.

आत स्नेहल भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर डबा, सकाळपासनं पहिला घास. मला बघून उठायला लागली.

"बस, बस," मी म्हटलं. तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बसले म्हणजे भिंत धरून उतरले. तिच्या डब्यातला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. भिजलेला, बेचव. चावून चावून गिळला.

"कसं झालंय, आत्ती?" तिनं विचारलं. "मला काय कळणार? मी तर चाखलं न्हाय."

मी निवदानंतर वाटी घेतली होती. आता तिच्याकडं बघून म्हटलं:

"मीठ चिमूटभर जास्त हाय. वस्तादांना कळलं न्हाय, मला कळलं. बाकी माझ्यापरास बरं झालंय, ह्ये एकदाच सांगतो, परत विचारायचं न्हाय. उद्यापासनं तू साडेअकराला जेवाय बसायचं, वर, माझ्या खोलीत, दार लावून. तास लागू दे, चाळीस वेळा चाव न्हायतर चारशे वेळा, तवर चुलीम्होरं मी बसतो. पंचवीस दिवसांनी काय खायाचं ते तुझं तू ठरव. तुझी जीभ तुला लखलाभ, पोरी. मला तुझं नाक रोज चुलीवर पायजे."