‘पोचलं’ म्हणायला कोणी नाही

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि तो रविवार अगदी नेहमीसारखा होता.

नागपुरातल्या एका वस्तीच्या वाचनालयात मी राहते. छापखान्यातून आले तेव्हा मला खाकी कव्हर घातलं ते मीराबाईंनी. वाचनालय त्याच चालवत. त्यांची एक रीत होती. पुस्तक परत करताना त्यांच्यासमोर बसून ते कसं वाटलं हे तोंडाने सांगायचं. नुसतं ‘छान आहे’ चालत नसे. मत मनापासूनचं असलं की त्या ‘पोचलं’ म्हणत आणि मगच पुस्तक कपाटात जाई.

माझ्यात दोन मैत्रिणी एकत्र वाढतात. एक शिकायला शहरात निघते. दुसरी तिला निरोप द्यायला स्टँडवर येत नाही. शाळकरी कामिनी माझ्यावर चिडली होती. दोघींना भेटवायचंच नव्हतं, तर पुस्तक लिहिलंच काहून, असं तिचं मत.

त्या रविवारी नत्थू ऑटोवाला मला परत करायला आला.

“ते पोरगी स्टँडवर काहून नाही आली, मीराबाई? मी असतो तर ऑटोत घालून आणली असती तिले.”

मीराबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “आलीही असेल गा. कधी कधी माणूस येते, अन् बसमधल्याले दिसत नाही.”

पुण्याहून सुट्टीवर आलेली त्यांची मुलगी दीप्ती कपाट लावत होती. तिचा हात थांबला.

संध्याकाळी मीराबाईंनी मला तिच्या बॅगेत ठेवलं. “सगळ्यांनी सांगतलं. तुझंच मत राहिलं वं.”

दीप्तीने मला शाळेत असतानाच वाचलं होतं. पुढे तिने पुष्कळ वाचलं, पुस्तकांवर तासन् तास बोलली. माझा विषय मात्र टाळला. पुण्यात तिने मला पुन्हा वाचलं. आईने फोनवर विचारलं, तेव्हा म्हणाली, “आल्यावर सांगते.”

ती यायच्या आधीच एका सकाळी वाचनालय झाडताना मीराबाई कोसळल्या. त्या उठल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाचा शेवटचा विधी झाला, पाहुणे गेले. दीप्तीने वाचनालय उघडलं, मला टेबलावर ठेवलं आणि वाचकांच्या स्टुलावर बसली. समोरची आईची खुर्ची तिने जवळ ओढली, पुन्हा मागे सारली. मला उघडलं, मिटलं.

नत्थू दारात आला. “ठेवून दे वं पोरी कपाटात.”

“मत सांगतल्याशिवाय कशी ठेवू, काका?”

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मित्रांनो, माझी सुटलेली पानं डिंकाने चिकटतात. पण ऐकणारं माणूस खुर्चीत आहे तोवरच त्याला सांगून टाका. मी सगळं ऐकते, पण मला ‘पोचलं’ म्हणता येत नाही.

बऱ्याच वेळाने दीप्ती रिकाम्या खुर्चीशी बोलली. पुण्यात कधी न बोललेल्या, घरच्या बोलीत.

“आई, मी पुण्याले निघाली त्या दिवशी तू स्टँडवर आली होती. खांबाजवळ उभी होती. मले दिसली होती तू. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. तुझ्याकडे पाहिलं असतं, तर मी बसमधून उतरली असती.”