अर्ध्या मैलदगडाचं मनोगत

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे. खरं सांगायचं तर त्याचा खालचा अर्धा. रोमन सैनिकांनी मला खाणीतून काढलं, गोल घडवलं आणि दक्षिण इटलीतल्या या डोंगरात त्यांच्या फरसबंद रस्त्याकडेला रोवलं. माझ्या माथ्याजवळ सम्राटाचं नाव आणि रोमपर्यंतचे मैल कोरले. वाटसरू थांबून वाचत. मी तेव्हा भलताच ताठ्यात होतो.

साम्राज्य बुडालं, तरी रस्ता टिकला. त्यावरून मेंढरं गेली, वराती गेल्या. मग खाली दरीत नवी सडक झाली आणि माझ्या वाट्याला गवत आणि सरडे उरले. एकटेपणा दगडालाही खातो.

इथे ईस्टरआधी घरं चुन्यानं पांढरी करतात, आणि चुना भाजायला आमच्यासारखे चुनखडीचे जुने दगड फोडतात. एका वसंतात भट्टीवाला जेरार्दो घण घेऊन आला. अक्षरांसकट माझा वरचा भाग त्याने तोडला आणि खेचरावर लादून नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी गावातली कार्मोझिना जळणाचा भारा डोक्यावर घेऊन चढत होती. तिचा नवरा अर्जेंटिनाला गेला, तो गेलाच. एकट्या बाईला वाटेत भारा उतरवता येत नाही. तो पुन्हा डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. माझं तुटलेलं टोक नेमकं तिच्या खांद्याइतक्या उंचीवर आलं होतं. तिने भारा माझ्यावर टेकवला, मान मोकळी केली आणि ती रडली. मग कुणाच्या मदतीविना तो पुन्हा डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी जेरार्दो उरलेला मी न्यायला आला. ती आडवी उभी राहिली.

"मावशे, सरक. माहेरून आणलास का हा धोंडा?"

"माहेरच्यांनी नाही, सासरच्यांनी नाही, ह्यानं माझा भारा धरला. हात लावून बघ मेल्या!"

"अगं, दोन पाट्या चुना फुकट देतो."

"माझं घर काळंच राहू दे."

जेरार्दो पुटपुटत परतला. तिचं घर त्या ईस्टरला खरंच काळं राहिलं.

पुढे वीस वर्षं ती माझ्यापाशी थांबत होती. ती गेली, गावात गॅस आला, भारे संपले. परवा काही अभ्यासक आले, मला चहूबाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "अक्षरं नाहीत, चला पुढे."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण कोणी एकटं ओझं वाहताना दिसलं, तर उतरवायला हात द्या. आणि पुन्हा उचलून देईपर्यंत तिथून हलू नका.