फोटोखालचं टिपाड

कृष्णराजदादांच्या फोटोखाली काय आहे, हे सहा वर्षांत वस्तीतल्या एकाही माणसानं बघितलं नव्हतं. बघणार कोण? दादा म्हणजे तालुक्याचे पुढारी. त्यांनी वाढदिवसाला घरटी एक निळं टिपाड वाटलं, दोनशे लिटरचं, झाकणासकट, आणि प्रत्येकावर हातभर स्टिकर. त्यात दादा हात जोडून हसतायत. टँकर चौथ्या दिवशी येणाऱ्या गावात असलं टिपाड म्हणजे काय, हे ज्याच्या नळाला रोज पाणी येतं त्याला सांगून कळायचं नाही. टिपाड जुनं दिसत होतं खरं, पण धर्माच्या गाईचे दात कोण मोजतंय. आणि स्टिकरला नख लावलं तर घरकुलाच्या यादीतून नाव उडतं, अशी बोलवा होती. म्हणून बायका टिपाड घासायच्या ते दादांचा चेहरा तेवढा सोडून. भिमाबाई तर त्यावरून ओला फडका फिरवायची. आता आठवलं की तिला स्वतःच्या त्या हाताचा राग येतो.

गाव जळकोटपासून कोसभर आत. भिमाबाई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि आयांना तोंडावर बोलायची. तिचा थोरला नातू राजपाल तीन वर्षांचा असताना अख्खं पंचशील न अडखळता म्हणायचा. धाकटी श्रावस्ती पाच पुरी झाली तरी चार शब्दांवर अडलेली: आई, दे, न्हाय, पाणी. लाल चेंडू आण म्हटलं की उठायची आणि मधेच थांबून भिंतीकडं बघत राहायची. लोक म्हणायचे, असंल घराण्यात. घराण्यात म्हणे. भिमाबाईच्या घराण्यात आजवर कुणी गप्प बसल्याचं वस्तीला तरी आठवत नव्हतं.

अंगणवाडीच्या शिवप्रियाताईनं शेवटी रजिस्टर मिटलं. "मावशी, पोरीचे कान चांगलेत. हिला तुळजापूरला डॉक्टरकडं न्या. अजून थांबू नका."

तिघी गेल्या. भिमाबाई, श्रावस्ती आणि श्रावस्तीची आई वृषाली, भिमाबाईची सून. तिला पाचवा महिना होता. डॉक्टर पोरीशी अर्धा तास खेळला, चित्रं दाखवली, मग वृषालीच्या पोटाकडं बघून विचारलं, "ही पोटात होती तेव्हा पाणी कशातलं प्यायचा?"

"टिपाडातलं."

"टिपाडात आधी काय होतं?"

ते कुणाला ठाऊक. डॉक्टर म्हणाला, कारखान्यातली जुनी टिपाडं अशी विकली जातात. प्लास्टिक मऊ करायची रसायनं येतात त्यातून. कितीही धुतलं तरी काही उरतं आणि पाण्यातून पोटातल्या बाळापर्यंत जातं. मेंदू घडायचे दिवस असतात ते. बोलणं, ध्यान, समज, सगळ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. "या पोरीचं त्यानंच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण टिपाडावर काय लिहिलंय ते आधी वाचा. आणि यांना त्यातला घोटभरसुद्धा देऊ नका."

"त्यावर दादांचा फोटो हाय," भिमाबाई म्हणाली.

"मग फोटोखाली बघा."

घरी आल्या आल्या तिनं खुरपं घेतलं. चप्पलसुद्धा काढली नाही. दादांच्या जोडलेल्या हातांपासून सुरुवात केली, कपाळापर्यंत सोलत गेली. खाली कंपनीचा कागद होता. त्यावर नळाचं चित्र, चित्रावर लाल फुली, आणि हिंदीत दोन ओळी. वृषालीनं वाचल्या. रिकाम्या ड्रममध्ये प्यायचं पाणी भरू नये. तिनं पुन्हा एकदा वाचल्या, आणि सासूकडं न बघता म्हणाली, "म्या म्हणलं होतं, आत्या. वास येतोय म्हणलं होतं."

म्हणाली होती. श्रावस्तीच्या वेळेला तिसऱ्या महिन्यापासून ती तांब्या तोंडाशी नेऊन खाली ठेवायची. नव्या चपलेसारखा वास येतोय म्हणायची. भिमाबाईनं टिपाड राखेनं घासलं, लिंबाचा पाला टाकून दोन दिवस उन्हात ठेवलं. तिला स्वतःला काही वास येईना. मग सगळी वस्ती हसली. डोहाळे गं, डोहाळे. पोटुशीला फोडणीचा वास येतो, कुणाला मातीचा येतो, हिला पाण्याचा येतोय. भिमाबाई रोज तिच्याजवळ बसायची, पाठीवरून हात फिरवायची आणि तांब्या रिकामा होईपर्यंत उठायची नाही. लेकराला पाणी लागतंय, पी. एवढ्या मायेनं पाजलं. या खेपेला वृषालीनं वासाचं नावच काढलं नव्हतं. नाक दाबून मुकाट्यानं पीत होती.

भिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रागवायचं कुणावर? आधी स्वतःवर रागावून झालं. मग ती खुरपं घेऊन वस्तीत निघाली. सात घरी सात स्टिकर सोलले. सातही बरोबर त्या कागदावर, इंचभरसुद्धा इकडंतिकडं नाही. एका टिपाडावर हात चुकतो, दोनावर चुकतो. सातांवर चुकतो व्हय?

आणि मग तिला जार आठवला. दरवर्षी वाढदिवसाला दादा वस्तीत येऊन एका घरी पाणी पितात. बौद्धांच्या घरी दादांनी पाणी घेतलं, असा फोटो पेपरात येतो. दोन वर्षांमागं ते घर भिमाबाईचं होतं. दादा यायच्या आधी त्यांचा माणूस गुंडप्पा विकतच्या पाण्याचा जार घेऊन आला आणि तिच्याच तांब्यात जारचं पाणी ओतून गेला. तिला वाटलं, जात. ती जुनी ओळखीची होती, म्हणून गिळली. पण विटाळ असता तर तांब्या नको असता. तांब्या तिचाच होता, दादांनी ओठ लावला होता. टाळलं होतं ते पाणी. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. जातीपेक्षा हलकट काही असतं, हे भिमाबाईला साठाव्या वर्षी कळलं.

आठव्या दिवशी वाढदिवस होता. तोवर वृषालीला आणि पोरीला ती अंगणवाडीच्या हंड्यातलं पाणी आणून पाजत होती. तिनं स्वतः निरोप धाडला, यंदा माझ्याकडं या. गुंडप्पा जार खांद्यावर घेऊन दारात आला.

"तांब्या भरलाय भाऊ, तुम्ही कशाला तरास घेता," ती म्हणाली आणि दारातून हलली नाही.

दादा आले. खुर्चीत बसले. पोरांनी मोबाईल वर धरले. भिमाबाईनं तांब्या त्यांच्या हातात दिला आणि सोललेला स्टिकर मांडीवर ठेवला.

दादांनी आधी स्टिकर बघितला, मग गुंडप्पाकडं बघितलं. "मावशी, आज माझा उपास आहे."

"उपासाला पाणी चालतंय, दादा. तुमच्याच टिपाडातलं हाय. माझी सून नऊ महिने प्याली, ही पोर पाच वर्षं प्याली. तुम्ही घोटभर घ्या."

"टिपाडं माणसांनी आणली. मला काय माहीत त्यात काय होतं."

"मग प्या की. ज्याला ठाऊक न्हाय त्यो पितोच. आमी प्यालो."

दादांनी तांब्या खाली ठेवला. एकेक मोबाईल खाली आला. तेवढ्यात श्रावस्ती पुढं आली. तिला तहान लागली होती. तिनं दोन्ही हातांनी तांब्या उचलला, "पाणी" म्हणाली आणि तोंडाला लावला. दादा बघत होते. हातभर अंतरावर बसले होते आणि नुसते बघत होते.

भिमाबाईनं झडप घालून तांब्या उडवला. पोर घाबरून रडायला लागली. पाणी सारवलेल्या जमिनीवरून वाहत दादांच्या पांढऱ्या बुटांकडं गेलं, आणि दादांनी झटकन पाय वर घेतले.

"बघा रे," भिमाबाई वस्तीला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लेकराच्या तोंडाला लागलं तवा ह्यांचा हात उठला न्हाय. बुटाला लागलं तवा पाय उठले."

दादा निघून गेले. घरकुलाची यादी उद्या कुणाकुणाची नावं गिळणार, ते सगळ्यांना दिसत होतं. तरी अंधार पडायच्या आत तेवीस टिपाडं ग्रामपंचायतीच्या दारात आडवी झाली होती. एकाही टिपाडावर फोटो नव्हता.

सकाळी टँकर आला तेव्हा पाणी कशात घ्यायचं, हा प्रश्न होताच. भिमाबाईच्या घरात दोन स्टीलच्या घागरी आणि एक पातेलं. चार दिवस त्यावर काढायचे होते. तिनं पहिली घागर भरून वृषालीपुढं ठेवली, तांब्या बुडवला, पण पी म्हणाली नाही.

"वास बघ आधी," ती म्हणाली. "तू सांगशील ते खरं."

वृषालीनं तांब्या नाकाशी धरला. सावकाश, सासूला उभं ठेवून, दोनदा वास घेतला.

"न्हाय येत," ती म्हणाली, आणि मग प्याली.