दाराशी भरलेली घागर

मी एक तांब्याची घागर. पोट मोठं, गळा बारीक आणि ऐकलेलं पोटात ठेवायची जुनी सवय. पण आज बोलते. आज पहाटेच मला राख-चिंचेनं घासून, काठोकाठ भरून, गळ्यात झेंडूची माळ घालून दाराशी बसवलंय, आणि मला मनातून भीती वाटतेय. कसली, ते कळायचं तर आधी थोडं मागचं ऐकावं लागेल.

तानसेन नावाच्या गावच्या बाजारात एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा, आणि कमरेशी सांधा. "सांधा असा मारलाय की नातीच्या लग्नात वापराल," असं तो माझ्या मालकिणीच्या, दिलसरीच्या बापाला म्हणाला. तांबटांचं काय, ते असंच बोलतात. दिलसरी लग्न होऊन लमजुंगच्या या डोंगरावर आली, आणि तिच्या पाठोपाठ मी आले.

आमच्याकडे कुणी लांबच्या वाटेला निघालं की दाराच्या दोन्ही अंगांना भरलेल्या घागरी ठेवतात, वर फुलं वाहतात. जाणाऱ्याच्या कपाळी दही-तांदळाचा टिळा लावतात आणि तो त्या घागरींमधून बाहेर पडतो. रिकामी घागर आडवी आली तर त्या दिवशी पाऊल उचलायचं नाही. दिलसरीचा नवरा माझ्याच शेजारून वाळवंटातल्या देशात कामाला गेला. दर दोन वर्षांनी यायचा, महिनाभर राहायचा, पुन्हा माझ्याच शेजारून जायचा.

गावच्या शाळेत मास्तर टिकत नसत. मग लांबून परदेशी पाहुणे पोरांना शिकवायला येऊ लागले. राहायला आमच्याच घरी, वरच्या खोलीत, सुकत टांगलेल्या मक्याच्या कणसांखाली. पहिला आला तो एवढा उंच होता की दाराची चौकट त्याच्या कपाळाला रोज भेटायची. तीन महिन्यांनी गेला. दुसरी आली, तीही गेली. दर वेळी दाराशी मी होतेच.

मग आयर्लंडची ऑर्ला आली. चेहऱ्यावर कुणी मूठभर नाचणी उधळावी तसे ठिपके. आल्या दिवसापासून तिचं एकच, "आमा, मी पाणी आणते."

"आण हो," दिलसरी म्हणाली, "पण वाटेतल्या दगडांना पाजत येऊ नकोस."

झरा खाली, अर्ध्या तासाच्या वाटेवर. पहिल्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा माझ्यात पाणी कमी आणि ऑर्लाच्या कपड्यांत जास्त होतं. दिलसरीची आठ वर्षांची पोर जुनू हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवसापासून तीच ऑर्लाची मास्तरीण झाली.

"मिस, कंबर काढा. शिपायासारख्या काय चालता?"

"काढलीय की."

"ती कंबर नाही, ते पोट आहे."

असे पाच महिने गेले. जाताना पाढे, येताना इंग्रजी धडे. जुनूला एक खोड लागली होती. मी रिकामी असले की माझ्या गळ्याशी तोंड आणून ती धडा म्हणायची. आत आवाज घुमायचा, गोल गोल फिरायचा, आणि तिला वाटायचं आत दुसरी कुणी पोर बसून तिच्याबरोबर शिकतेय. खरं सांगू, मलाही तसंच वाटू लागलं होतं. दुपारी धुकं वर चढून अंगणात यायचं, कोंबड्यासुद्धा दिसेनाशा व्हायच्या, आणि त्या पांढऱ्या झोपेत मी ते परके शब्द पोटात घोळवत राहायचे.

पण ऑर्लाच्या जाण्याचा दिवस आलाच. दिलसरीनं सकाळी मला भरून दाराशी ठेवलं आणि ती टिळ्याचं दही आणायला आत गेली. जुनू आली. माझ्यासमोर बसली.

"तूच सगळ्यांना पाठवतेस," ती म्हणाली. "बाबालाही तूच पाठवलंस."

आणि तिनं मला ढकललं. मी पायऱ्यांवरून गडगडत अंगणात गेले, कमरेला दगड लागला, पोचा पडला. सगळं पाणी कोंबड्यांच्या पायांखालून वाहून गेलं.

दिलसरी धावत आली. "अगं कार्टे, काय करून बसलीस! आता मिस कशी निघणार? खाली जीप उभीय!"

शेजारची म्हातारी फुपू काठी टेकत आली, तिनं मला पाहिलं आणि निकाल दिला. "आज निघायचं नाही. उद्या बघा."

उद्या बघून चालणार नव्हतं. ऑर्लाचं विमान उद्या सकाळी होतं आणि इथं राहायची मुदत उद्याच संपत होती. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. जुनू खांबाला टेकून उभी होती. रडत नव्हती. जिंकल्यासारखी दिसत होती, आणि घाबरलेलीही.

ऑर्ला कुणाशी वाद घालायला गेली नाही. बूट घातलेलेच होते, तशीच जुनूपाशी उकिडवी बसली. "पाणी भरलं म्हणून मी जात नाही गं," ती मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली. "मी जाते, म्हणून आमा पाणी भरते. मला वाटेत काही होऊ नये म्हणून."

"मग बाबा?"

"बाबासाठी पण तेच."

मग तिनं मला उचलून कमरेवर घेतलं. "झऱ्यावर येतेस?"

"नाही," जुनू म्हणाली, आणि दहा पावलं मागे राहून आली.

ती वाट मी विसरले नाही. खाली धुकं साचलं होतं, झऱ्याचा नुसता आवाज येत होता. ऑर्लानं मला गळ्यापर्यंत भरलं आणि चढ चढायला लागली. एक थेंब सांडला नाही. अर्ध्या वाटेवर मागून बारीक आवाज आला, "मिस, कंबर." ऑर्ला हसली. पण तिला हुंदका आला तो पाण्यातून माझ्या तळापर्यंत पोचला. दाराशी आल्यावर माझ्यावर फूल जुनूनं स्वतः ठेवलं. जीप तोवर निघून गेली होती. ऑर्ला डोंगर पायी उतरली.

त्याला बारा वर्षं झाली. अंगणात नळ आला, प्लॅस्टिकची भांडी आली आणि मी माळ्यावर गेले. पोटात मक्याचं बियाणं आणि एक-दोन उंदरांचा संसार. कुरकुर नाही करत, पण पाण्याची आठवण यायची.

आज मला खाली काढलं, कारण जुनू निघालीय. लांब पश्चिमेला, मुगूच्या डोंगरात, जिथं शाळा आहे पण मास्तर टिकत नाही. वर्षभर तिथल्या पोरांना शिकवणार आणि तिथल्याच कुणाच्या घरी राहणार. फुपू सकाळी म्हणालीही, "हे पोचा पडलेलं डबडं कशाला? प्लॅस्टिकची ठेव."

"पोरीचा बाप हिच्याच शेजारून जायचा आणि दर वेळी परत यायचा," दिलसरी म्हणाली. "हीच राहील."

आणि तीच माझी भीती. त्या दिवशी दगड लागला तिथला सांधा आता सुटलाय. मी गळतेय. थेंब थेंब, मागच्या बाजूनं, कुणाला दिसत नाही. पोरीला सोडवत नाही म्हणून दिलसरी आत-बाहेर करतेय. गुंद्रुकचं, म्हणजे आंबवून सुकवलेल्या पाल्याचं, पुडकं दिलं, मोजे दिले, आता पुन्हा मोजे द्यायला आलीय. पाणी चार बोटं उतरलं.

आत्ता जुनू बुटाची नाडी बांधायला माझ्याजवळ वाकली. तिला मागची ओली माती दिसली. ती थांबली. तिनं आईकडे चोरून पाहिलं. पोचा पडलेल्या जागेवर तळहात दाबून धरला आणि माझ्या गळ्याशी तोंड आणून काहीतरी पुटपुटली. काय, ते मी सांगणार नाही. ते पोटात राहील.

"आमा, टिळा लाव," ती म्हणाली. "उशीर होतोय."

जा बाई, जा आता. तू दार ओलांडून वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पुरेल एवढं पाणी अजून आहे माझ्यात. मी धरून ठेवते.